सुलक्षणाच्या हाताचे वळ

वडगाव रासाईत सुलक्षणाला ओळखत नाही असं कुणी नाही. भीमेच्या काठाला तिचं मोसंबीचं आणि कागदी लिंबाचं रान आहे. त्या रानात शनिवार-रविवारी पुण्याची माणसं येतात, जेवतात, झाडाखाली लोळतात आणि जाताना पिशव्या भरून फळं नेतात. हे सगळं तिनं उभं केलं. तिचं माहेर इनामगावचं, घोड नदीवरचं. लग्नाआधी ती रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला होती. माल उजेडात धरायचा, बारीक बघायचा आणि मगच पुढं सोडायचा, ही सवय तिला तिथं लागली. लग्न होऊन आली तेव्हा नवरा इंद्रजीत उसात अडकलेला होता. पाहुण्यांचा विषय तिनं काढला तेव्हा सासूबाई कस्तुराबाई म्हणाल्या होत्या, "लोकं आपल्या शेतात नुसती बसाया येत्याल व्हय? येड लागलंय का तुला?" लोकं आली. आधी हुरड्याला आली, मग मुक्कामाला येऊ लागली.

कस्तुराबाई गेल्या वर्षी न्हाणीत पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्या वॉकर धरून चालतात. त्यातच त्यांना विसर पडायला लागला. आत्ता जेवलेलं आत्ता आठवत नाही, काल आलेला पाहुणा आज आल्यासारखा वाटतो. त्यांची आंघोळ, वेणी, गोळ्या, उठवणं, बसवणं हे सगळं सुलक्षणाच करायची. तिला त्याचं फार काही वाटायचं नाही. गावातल्या बाया मात्र आपापल्या सुनांना तिचं नाव घेऊन टोमणे मारायच्या.

एप्रिलच्या सुरुवातीला केडगावच्या जस्मिनचा फोन आला. जस्मिनची आई हेलनबाई पाव आणि केक करते, आणि सुलक्षणाकडे पाहुणे असले की तिचाच पाव येतो. जस्मिन खराडीला एका ऑफिसात आहे.

"ताई, आमची टीम येणाराय रविवारी. ब्रंचला."

"कशाला?"

"ब्रंच. नाश्ता आणि जेवण, दोन्हीच्या मधलं. अकराला बसायचं आणि पोट भरेपर्यंत उठायचं नाही."

फोन स्पीकरवर होता. कस्तुराबाई पलंगावरून म्हणाल्या, "म्हंजी न्ह्यारी का जेवान? एक काय त्ये ठरवा म्हनावं."

जस्मिन खळखळून हसली. मग तिनं खरी गोष्ट सांगितली. ब्रंचला एक खास पेय हवं होतं. मोसंबी आणि लिंबाचा गार रस ग्लासात घ्यायचा आणि वरून फेसाळणारी वाइन ओतायची. बाटल्या आणि त्यांचा परवाना ऑफिसचा, फळं सुलक्षणाची. इंद्रजीतनं नाक मुरडलं. "घरात आई हाय," तो म्हणाला.

"आत्यांच्या ग्लासात मी सोडा घालीन," सुलक्षणा म्हणाली. वाइनची तिला ओढ नव्हती. पण आपल्या रानातल्या लिंबाचं कुणीतरी असं काही करतंय, ते करायचं कसं हे तिला शिकायचं होतं.

रविवारी जस्मिन बाकीच्यांच्या आधीच पोचली. तिला या कृतीचा व्हिडिओ काढायचा होता. स्वयंपाकघरात उजेड कमी, म्हणून दोघींनी टेबल उचलून अंगणात लख्ख उन्हात ठेवलं. टोपलीभर लिंबं, तेवढीच मोसंबी. जस्मिननं सांगितलं तसं सुलक्षणानं आधी लिंबाची हिरवी साल किसली, ती साखरेत टाकली आणि हातानं चोळत बसली. चोळता चोळता साखर ओली झाली, हिरवट झाली, आणि असा काही वास सुटला की गोठ्यातल्या म्हशीनंही मान वर केली. मग लिंबं पिळायला घेतली. लाकडी पिळणी एकच होती, म्हणून अर्धीअधिक त्यांनी मुठीतच पिळली. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. जस्मिन कपाळावरचा घाम त्याच हातानं पुसत होती. "उन्हात रस कसा चमकतो बघा ताई!" असं म्हणून ती परत परत मोबाइल लावत होती.

रस गाळून बर्फात ठेवला. पाहुणे आले तशी जस्मिननं पहिली बाटली उघडली. बूच असं उडालं की सुलक्षणा दोन पावलं मागं सरली. ग्लास तिरका धरायचा, तिसरा हिस्सा रस घालायचा आणि वाइन कडेनं हळू सोडायची, नाहीतर फेस उतू जातो. दुसऱ्या ग्लासाला तिला ते जमलं. वर मोसंबीच्या सालीची एक पीळ दिलेली पट्टी टाकली. पाहुण्यांनी "वा" केलं आणि तिला मनातून फार बरं वाटलं.

रस कमी पडायला लागला तशी ती आणखी लिंबं पिळत होती, एवढ्यात तिचं लक्ष पायरीकडं गेलं. गलका ऐकून कस्तुराबाई वॉकरशिवाय उंबऱ्यात आल्या होत्या आणि पहिल्या पायरीवरून त्यांचा पाय सुटत होता. सुलक्षणा हातातलं लिंबू टाकून धावली. एका हातानं तिनं सासूचा कोपराखालचा हात गच्च पकडला, दुसरा हात मानेमागून घालून त्यांना सावरलं. दोघी तशाच क्षणभर लटपटल्या. मग कस्तुराबाई उभ्या राहिल्या. "लई घट धरलंस गं," एवढंच म्हणाल्या. त्यांना आत जायचं नव्हतं. पोरं काय पितात ते त्यांना बघायचं होतं. सुलक्षणानं त्यांना अंगणातल्या बाकावर बसवलं, मोसंबीच्या रसात सोडा घालून ग्लास दिला. ऊन पाठीवर घेऊन त्या बराच वेळ बसल्या. "नाकात मुंग्या येत्यात," असं म्हणून हसत होत्या आणि परत मागत होत्या.

दिवस चांगला गेला. पाहुणे जाताना पुढच्या महिन्याचं बोलून गेले.

सोमवारी सुलक्षणाचे हात चुरचुरायला लागले. पाहुण्यांना तळलेल्या भज्यांच्या तेलाचे चटके असतील म्हणून तिनं दुर्लक्ष केलं. कस्तुराबाईही "आग हुतीय, आग हुतीय" म्हणत हात चोळत होत्या. सुलक्षणानं पाहिलं, कातडी लालसर झाली होती. घामोळं समजून तिनं खोबरेल तेल लावलं आणि कामाला लागली.

मंगळवारी दुपारी अनिता आली. अनिता ही इंद्रजीतची थोरली बहीण, दौंडला दिलेली. महिन्यातून एकदा ती आईला भेटायला येते आणि आल्या आल्या आईची वेणी घालायला बसते. त्या दिवशीही तशीच बसली. सुलक्षणा आत चपात्या लाटत होती. बाहेरचं बोलणं अचानक थांबलं, मग अनितानं हाक मारली. त्या हाकेचा आवाज नेहमीचा नव्हता.

सुलक्षणा बाहेर आली. अनितानं आईचा पदर बाजूला केला होता. कस्तुराबाईंच्या मानेवर, कानाच्या खाली, तीन बोटं उमटली होती. तांबडी, कडेनं काळपट, मध्ये फोड धरलेली. अनितानं आईचा हात वर धरला. कोपराखाली पुरा पंजा होता. चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला, इतका स्पष्ट की जणू कुणी शाई लावून हात दाबला होता.

सुलक्षणाला काही कळेना. सकाळी आंघोळ घालताना कातडी नुसती लाल होती. तिनं पुढं होऊन हात लावायला पाहिलं.

"लांब हो," अनिता म्हणाली. "हात लावू नगंस माझ्या आईला."

"ताई, मला खरंच न्हाई माहीत..."

"तुला न्हाई तर कुणाला माहीत असंल? आंघोळ कोन घालतं? कापडं कोन नेसवतं? गळा धरलास गं तिचा?" अनिताचा आवाज चिरकला. मग ती आईकडं वळली. "आई, कुनी केलं ह्ये? भिऊ नगंस. सांग मला."

कस्तुराबाईंनी आपल्या हाताकडं पाहिलं. मग सुनेकडं पाहिलं. "हिनं धरलं व्हतं," त्या म्हणाल्या.

"कवा?"

"आत्ताच की. लई घट धरलं."

अनिता रडायला लागली. लेक रडते म्हणून कस्तुराबाईही रडायला लागल्या. सुलक्षणा तिथंच उभी होती. आत तवा तापून धूर व्हायला लागला होता आणि तिला तो वास येत होता, पण जाऊन गॅस बंद करायचं तिला सुचत नव्हतं. शेजारच्या रतनबाई आवाज ऐकून दारात आल्या. त्यांनी वळ पाहिले आणि पदर तोंडाला लावला. काल याच रतनबाई म्हणाल्या होत्या, सासूला जपावं तर सुलक्षणानं. आता त्या नुसत्या बघत राहिल्या.

"आन् तुझे हात बघू," अनिता म्हणाली. सुलक्षणानं न कळत हात पुढं केले. तिचे तळवे लाल होते. बोटांच्या पेरांवर, मनगटावर बारीक फोड आले होते. "बघा रतनबाई. मारून मारून स्वतःचं हात सुजवून घेतल्यात हिनं."

अनितानं मोबाइल काढला आणि आईच्या मानेचा, हाताचा फोटो काढला. सुलक्षणाला वाटलं, डॉक्टरला दाखवायला काढला असेल. दहा मिनिटांनी तिचा स्वतःचा मोबाइल वाजायला लागला तेव्हा कळलं, फोटो घरातल्यांच्या ग्रुपवर गेला होता. चुलत सासरे, मावस नणंदा, दीर, सगळे त्या ग्रुपवर. कुणी लिहिलं होतं, पोलिसांत द्या. कुणी लिहिलं होतं, आम्हाला आधीच वाटत होतं. हे वाक्य तिनं दोनदा वाचलं. ज्यांनी लिहिलं होतं ते गेल्या दिवाळीला चार दिवस तिच्या हातचं खाऊन गेले होते.

इंद्रजीत नदीवरच्या पाण्याच्या मोटरवरून आला. चप्पल काढायच्या आधीच अनितानं त्याला आईपाशी नेलं. तो गुडघ्यावर बसला, आईचा हात हातात घेतला, बोटांच्या खुणांवरून स्वतःचं बोट फिरवलं. मग उठून सुलक्षणाजवळ आला. तिला वाटलं, आता हा बोलेल. आता हा बहिणीला सांगेल की तुला वेड लागलंय.

तो हळू आवाजात म्हणाला, "सुलू, रागाच्या भरात काही झालं का? झालं असंल तर मला सांग. आईचं करून करून मानूस कावतं, मला कळतं."

सुलक्षणानं त्याच्याकडं पाहिलं. बारा वर्षं ती या माणसाच्या शेजारी झोपत होती. अनिताचं बोलणं तिला लागलं होतं, ग्रुपवरचं त्याहून लागलं होतं. पण नवऱ्याचं हे समजुतीचं बोलणं सगळ्यात जास्त लागलं. ती न्हाणीत गेली, बादलीतल्या पाण्यात दोन्ही हात बुडवून खाली बसली.

किती वेळ बसली कुणास ठाऊक. पाण्यानं आग जरा कमी झाली. ती हाताकडं नुसती बघत होती, आणि बघता बघता तिला काहीतरी दिसलं. मनगटापासून कोपरापर्यंत तांबड्या रेघा होत्या. वाकड्यातिकड्या, खाली खाली बारीक होत गेलेल्या. रस ओघळतो तशा. तिनं दुसरा हात पाहिला. तिथंही रेघा, आणि जिथं बांगड्या होत्या तिथं मात्र कातडी कोरी. मारणाऱ्याच्या कोपरापर्यंत ओघळ कसे उठतील?

ती ओल्या हातानंच बाहेर आली आणि जस्मिनला फोन लावला.

"जस्मिन, तुझ्या हाताला काही झालंय का गं?"

"ताई!" जस्मिन जवळजवळ ओरडली. "मी तुम्हालाच करणार होते. माझ्या दोन्ही हातांवर पट्टे उठलेत. आणि कपाळावर, घाम पुसला ना मी, तिथं चार बोटं उठलीत. ऑफिसात सगळे विचारतायत, नवऱ्यानं मारलं का. ताई, माझं अजून लग्न पण झालेलं नाही!"

फोन स्पीकरवर नव्हता, पण जस्मिनचा आवाज एवढा मोठा होता की अनितालाही ऐकू गेला. सुलक्षणानं पदर खोचला. "गाडी काढा," ती इंद्रजीतला म्हणाली. "शिरूरला कातडीच्या डॉक्टरीणबाई हाईत, त्यांच्याकडं चला. आत्ता. आन् ताई, तुम्हीबी चला. फोटो नका दाखवू, मानूसच दाखवा."

न्हावऱ्यावरून शिरूरला जाईपर्यंत गाडीत कस्तुराबाई विचारत होत्या, "लगीन कुनाचं हाय?"

डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या होत्या. त्यांनी आधी कस्तुराबाईंची मान पाहिली, मग हात पाहिला. अनिता सांगायला लागली तशी त्यांनी तिला हातानंच थांबवलं. सुलक्षणाचे हात उलटेपालटे करून पाहिले. मग चष्मा काढून विचारलं,

"लिंबं कुणी पिळली?"

इंद्रजीत म्हणाला, "हिनं. रविवारी."

"उन्हात?"

"व्हय. अंगणात."

"आणि मग त्याच हातांनी आजींना धरलं असेल."

"पडत होत्या," सुलक्षणा म्हणाली. तेवढे दोन शब्द बोलताना तिला पहिल्यांदा रडू आलं.

डॉक्टरीणबाईंनी सोपं करून सांगितलं. लिंबाच्या रसात, आणि सालीच्या तेलात तर फारच, असं काहीतरी असतं की ते कातडीवर लागून वर कडक ऊन पडलं तर कातडी भाजते. लगेच कळत नाही. एक-दोन दिवसांनी लाल होते, फोड येतात, मग काळे डाग पडतात. जिथं जिथं रस लागला तिथंच, थेंब पडला तर थेंबाएवढं, बोटं लागली तर बोटांएवढं. "मी मारही पाहिलाय आणि चटकेही पाहिलेत," त्या अनिताकडं बघून म्हणाल्या. "हा मार नाही. पकड बघा ना. अंगठा वरून आहे, बोटं खालून. हे पडणाऱ्याला उचललेलं आहे." लावायला मलम दिलं, उन्हापासून जपायला सांगितलं. डाग जायला दोन-तीन महिने लागतील म्हणाल्या, भिण्यासारखं काही नाही.

बाहेर येऊन अनिता गाडीपाशी उभी राहिली. तिचं तोंड अजून रागीटच होतं. "मग तवाच सांगायचं न्हाई का," ती सुलक्षणावर खेकसली, "पडत व्हती म्हनून!"

"मला कुठं ठाऊक होतं त्याचंच हे झालंय?" सुलक्षणा म्हणाली. "आन् ठाऊक असतं आन् सांगितलं असतं, तर ऐकलं असतं तुम्ही?"

गाडीत मागं बसून अनिता बराच वेळ मोबाइलवर काहीतरी लिहीत होती, खोडत होती, परत लिहीत होती. घर येईपर्यंत ग्रुपवर तिचा निरोप आला. डॉक्टरनं सांगितलेलं सगळं त्यात होतं, सुलक्षणाचा काही दोष नाही हेही होतं. दुपारी फोटोखाली उत्तरांची रांग लागली होती. या निरोपाला दोघांनी अंगठा दिला. ज्यांना आधीच वाटत होतं त्यांनी काही लिहिलं नाही.

गावात मात्र कस्तुराबाईंनीच काम केलं. दुसऱ्या दिवसापासून कुणी दारात आलं की त्या बाहीखालचा हात पुढं करायच्या. डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांच्या डोक्यात कसं कोण जाणे, पण राहिलं होतं. "माझ्या सुनंचा पंजा हाय ह्यो. पडू दिलं न्हाई मला." रतनबाईंना त्यांनी तो एकाच सकाळी तीनदा दाखवला. रतनबाई दर वेळी "व्हय व्हय" म्हणायच्या आणि सुलक्षणाकडं बघायचं टाळायच्या.

इंद्रजीतनं त्याच संध्याकाळी तिला गाठलं होतं. "मी फकस्त विचारलं गं," तो म्हणाला. "आरोप न्हाई केला."

"व्हय," ती म्हणाली. "विचारलंत."

ती भांडली नाही. स्वयंपाक केला, सासूला मलम लावलं, गोळ्या दिल्या. पण आठवडाभरानं तिनं पिशवी भरली आणि ती इनामगावला गेली. लग्नानंतर सणवार सोडून अशी ती कधीच गेली नव्हती. जाताना तिनं दौंडला फोन केला. "ताई, मी चार दिवस माहेरी चालले. आत्यांचं तुम्ही बघा." अनिता काही बोलायच्या आत तिनं फोन ठेवला.

माहेरी ती पहिले दोन दिवस नुसती झोपली. आईनं काय झालं विचारलं तर म्हणाली, दमले. घोड नदीच्या काठावर जाऊन बसायची. एकदा तिला वाटलं, आपण कारखान्यातली नोकरी सोडली नसती तर? मग वाटलं, तिथंही एखाद्या दिवशी कुणीतरी असंच विचारलं असतं. इंद्रजीतचा रोज फोन यायचा. तो मोटरचं, लिंबाच्या भावाचं, म्हशीचं सांगायचा. चौथ्या दिवशी तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "सुलू, त्या दिवशी मी तुझ्या बाजूला उभं ऱ्हायला पायजे होतं. मला कळाया उशीर झाला."

ती म्हणाली, "उद्या येते."

ती आली तेव्हा अनिता ओसरीवर बसली होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, चार दिवसांत दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी. आत कस्तुराबाई झोपल्या होत्या. सुलक्षणा पायरी चढून आली तशी अनिता उठून उभी राहिली. नणंद भावजयीसाठी उठत नाही, ती उठली.

"काल रात्री न्हाणीत जाताना घसरली आई," ती म्हणाली. "म्या तर दोनदा धरली गच्च. एकदा तर खांद्याला नख लागलं माझं." ती थांबली. "तू रोज कशी करत असशील, त्येच बघत व्हते चार दिस."

सुलक्षणानं पिशवी खाली ठेवली. तिच्या हातांवरचे डाग आता तपकिरी झाले होते. अनिताची नजर त्यांच्यावर गेली आणि खाली गेली.

"ताई, जेवलात का?" सुलक्षणानं विचारलं.

"न्हाई."

"बसा मग. मी वाढते."

"तू बस," अनिता म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून ताटांचा आवाज आला.